गाढव कोणाला म्हणावे?

मथळा वाचून कोणी दचकले असेल तर आधीच खुलासा करतो. हा लेख मंडळाच्या कार्यकारिणीबद्दल नाही. निवडणूक आटोपली, हार-तुरे झाले, तो विषय संपला. हा लेख खरोखरच गाढवाबद्दल आहे, चार पायांच्या, लांब कानांच्या. आणि थोडा आमच्याबद्दल. हे दोन विषय वेगळे नाहीत असे आमच्या सौ.चे मत आहे, पण तिला संपादकांनी लेख मागितलेला नाही.

झालं असं की गेल्या थँक्सगिव्हिंगला आम्ही मुलाकडे गेलो होतो. नातू नऊ वर्षांचा. हेल्मेट न घालता सायकल काढली, ड्राइव्हवेच्या उतारावरून सुसाट सोडली आणि मेलबॉक्सला जाऊन थडकला. गुडघा फुटला. आम्ही धावत गेलो, उचलून घेतलं आणि तोंडातून आपसूक निघालं, "अरे गाढवा, फार लागलं का रे?" नातवाचं मराठी रविवारच्या शाळेपुरतं, पण प्राण्यांची नावं त्याला पाठ आहेत. गुडघ्याचं दुःख विसरून तो आमच्याकडे बघतच राहिला. मग आत जाऊन आईला म्हणाला, "आजोबांनी मला डाँकी म्हटलं." त्याला गाढव माहीत आहे ते इथल्या निवडणुकीतलं, डेमोक्रॅटिक पक्षाचं. त्यामुळे आपण नेमका काय अपराध केला हेही त्याला कळेना.

रात्री मुलाने विषय काढला. अगदी सौम्यपणे. "बाबा, इथे मुलांना अशी नावं ठेवत नाहीत. शाळेत कोणी ठेवली तर घरी चिठ्ठी येते." आम्ही म्हटलं, "अरे, तुला नव्हतो का आम्ही म्हणत?" "म्हणत होता ना," तो म्हणाला आणि टीव्हीचा आवाज वाढवला.

त्या "म्हणत होता ना"ने आमची झोप उडवली. घरी परत आल्यावर पुस्तकांच्या कपाटासमोर मांडी ठोकून बसलो. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. पाहायचं एवढंच होतं, की आपल्या वाङ्मयात हा प्राणी आला कसा, आणि हा शब्द वापरताना आपण नेमकं काय म्हणत असतो.

आधी म्हणी. घोड्यालाही मराठीत म्हणी पुष्कळ आहेत, पण त्याचं निदान एकदा तरी गंगेत न्हातं. गाढवाला गुळाची चव कळत नाही. त्याच्यापुढे गीता वाचली तर कालचा गोंधळ बरा होता असं म्हणायची पाळी येते. त्यांचा गोंधळ झाला की लाथांचा सुकाळ होतो. अडला हरी गाढवाचे पाय धरतो. ही शेवटची म्हण एकट्या मराठीची नाही. तेलुगूत हरीऐवजी साक्षात वसुदेव येतो. कृष्णजन्माच्या रात्री गाढव ओरडलं तर पहारेकरी जागे होतील, म्हणून त्याने गाढवाचे पाय धरले अशी लोककथा आहे. म्हणजे त्या रात्री गाढव गप्प राहिलं म्हणून पुढचं सगळं महाभारत झालं! पण त्या मौनाचं श्रेय त्याला कोणी दिलेलं नाही.

मग वयाचा हिशोब. गद्धेपंचविशी हा शब्द तर आमच्या पिढीच्या कपाळावरच लिहिलेला. पंचविशीच्या आतला माणूस काय करील याचा नेम नाही. आम्ही १९७१ साली चोविसाव्या वर्षी खिशात आठ डॉलर घेऊन विमानात बसलो. भारत सरकार त्याहून जास्त नेऊ देत नसे. आठ डॉलरवर कोणी सातासमुद्रापार जातं का? वयच तसं होतं.

आणि वैशाखनंदन! संस्कृताची झूल घातली की शिवीसुद्धा पंक्तीला बसते. त्याची उपपत्ती अशी सांगतात, की पावसाळ्यात गवत उदंड असतं तेव्हा गाढव मागे वळून बघतं, त्याला वाटतं आपण काहीच खाल्लं नाही, म्हणून ते झुरतं. वैशाखात सगळं रान उजाड होतं, मागे वळून बघतं तर सगळं चरून संपलेलं, म्हणून ते खुशीने फुगतं. गोष्ट गमतीची आहे, पण गाढवावर अन्याय करणारी. हे जनावर मूळचं आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातलं. वाळक्या, भरड चाऱ्यावर ते निभावून नेतं. वैशाखात इतर गुरं खंगतात तेव्हा हे टिकून राहतं, एवढाच त्याचा गुन्हा.

इथवर सगळं अपेक्षेप्रमाणे होतं. चकित व्हायची पाळी वेदवाङ्मयात आली. ऋग्वेदात अश्विनीकुमारांच्या रथाला रासभ, म्हणजे गाढव, जुंपलेलं आहे. ऐतरेय ब्राह्मणात तर देवांची चक्क शर्यत लागते. अग्नी खेचरं घेऊन येतो, उषा तांबूस गाई, इंद्र घोडे. अश्विनीकुमार येतात गाढवं जुंपून, आणि शर्यत जिंकतात. पण त्या धावण्यात गाढवाने आपला सगळा वेग खर्चून टाकला, आणि म्हणून आज ते वाहनांमध्ये सगळ्यात मंद आहे, असं तो ग्रंथ सांगतो. आम्ही ते दोनदा वाचलं. देवांना जिंकून देताना ज्याचं सगळं संपलं, त्याला आपण मंद म्हणतो. आमच्यापैकी किती जणांच्या आई-वडिलांना हे वाक्य लागू पडतं, ते ज्याचं त्याने बघावं.

पुढे मात्र उतरती कळा. रामायणात भरताला आजोळी असताना दुःस्वप्न पडतं, त्यात दशरथ गाढवांच्या रथातून दक्षिणेला जाताना दिसतो. दक्षिण म्हणजे यमाची दिशा. भागवतात धेनुकासुर गाढवाच्या रूपात तालवनात राहतो आणि बलराम त्याला मागचे पाय धरून भिरकावतो. मनुस्मृतीत ब्रह्मचर्य मोडणाऱ्याला प्रायश्चित्त सांगितलं आहे, की त्याने रात्री चव्हाट्यावर निर्ऋतीला एकाक्ष गाढवाचा बळी द्यावा. गाढवही गेलं आणि ब्रह्मचर्यही गेलं, ही म्हण इथूनच निघाली असावी असा आमचा आपला तर्क. चूक तरुणाची, जीव गाढवाचा.

पंचतंत्रात ते भेटतं तिथे हसू येतं, पण नीट पाहिलं तर प्रत्येक गोष्टीत ते मार खातं. वाघाचं कातडं पांघरून शेतात चरणारं गाढव ओरडल्यामुळे ओळखू येतं आणि मरतं. चांदण्या रात्री काकडीच्या शेतात गाण्याची हुक्की येणारं गाढव कोल्ह्याचं ऐकत नाही आणि गळ्यात उखळ बांधून घेतं. दोन्हीकडे नडतो तो आवाज. पाठीवर ओझं असेपर्यंत कोणाची तक्रार नाही, तोंड उघडलं की दंड. सुश्रुतसंहितेत, म्हणजे वैद्यकाच्या ग्रंथात, दृष्टांत आहे तो अर्थ न समजता शास्त्र घोकणाऱ्याचा. चंदनाचा भार वाहणाऱ्या गाढवाला वजन कळतं, सुगंध कळत नाही. दृष्टांत झकास आहे. पण गाढवाला सुगंध कळत नाही हे सुश्रुताला कोणी सांगितलं?

चाणक्याने मात्र दिलदारपणा दाखवला. गाढवापासून तीन गुण शिकावेत म्हणतो. दमलं तरी ओझं वाहणं, ऊन-थंडी न बघणं, आणि सदा संतुष्ट राहणं. या तीन गुणांकडे आपण पुन्हा येणार आहोत, तेव्हा वाचकांनी लक्षात ठेवावेत.

आता महाराष्ट्रात येऊ. इथे गाढव म्हणीतून उतरून थेट इतिहासात शिरतं. "गाढवाचा नांगर फिरवीन" ही धमकी आमच्या लहानपणी भाऊबंदकीच्या भांडणात सर्रास ऐकू यायची. आम्हाला तो अलंकार वाटे. तो अलंकार नाही. शहाजीराजांनी आदिलशाहीविरुद्ध बंड केलं तेव्हा, १६३० च्या सुमारास, मुरार जगदेवाने पुणे जाळलं आणि त्यावर गाढवांचा नांगर फिरवला. पुढे जिजाबाई आणि बालशिवाजी यांनी त्याच जमिनीवर सोन्याचा नांगर फिरवला ही परंपरा आपल्याला चौथीच्या पुस्तकापासून ठाऊक आहे. पण ही चाल त्याहून फार जुनी. ओरिसात भुवनेश्वरजवळ हाथीगुंफेत कलिंगराज खारवेलाचा शिलालेख आहे, सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला. पिथुंड नावाचं नगर आपण गाढवाच्या नांगराने नांगरलं असं तो राजा अभिमानाने कोरून ठेवतो. म्हणजे आमच्या चुलत्यांच्या तोंडची धमकी निदान दोन हजार वर्षांची होती. बैलाने नांगरलं की पीक, गाढवाने नांगरलं की ओसाड. जमिनीला काय फरक पडणार? फरक माणसाच्या मनात.

त्याहून अवघड प्रकार गद्धेगाळांचा. शिलाहारांच्या काळापासून कोकणात, गोव्यात आणि घाटावरही दानाच्या जमिनीवर हे दगड उभे केलेले दिसतात. वर चंद्र-सूर्य, मध्ये कधी लेख, आणि खाली एक गाढव आणि एक स्त्री. चित्र काय असतं ते या कौटुंबिक अंकात लिहिता येणार नाही. जो हे दान मोडील त्याच्या आईची ही गत होवो, असा तो शाप. अपरादित्याचा परळचा लेख शके ११०८ चा, म्हणजे इसवी सन ११८७ चा आहे. मजकूर सगळा संस्कृतात आणि शेवटची शिवी तेवढी मराठीत! आपली मायबोली शिलालेखांत कशी अवतरली याचा अभिमान बाळगताना हेही लक्षात ठेवलेलं बरं. आम्हाला खटकलं ते वेगळंच. जमीन बळकावणार पुरुष. शिक्षा कोणाला? त्याच्या आईला, आणि जिचा-तिचा काही संबंध नाही अशा एका मुक्या जनावराला.

संतांकडे वळलो ते थोडी आशा धरून. तुकोबांनी निराशा केली नाही आणि समाधानही केलं नाही. गाढवाला कितीही शृंगारलं तरी त्याचा घोडा होत नाही, असं ते स्वच्छ सांगतात. अर्थात बोलणं ढोंगी माणसाबद्दल आहे, गाढव मध्ये सापडलं एवढंच. इथे आमच्या लक्षात आलं, की आतापर्यंतच्या सगळ्या वाङ्मयात खरं गाढव कुठेच नव्हतं. मूर्ख, ढोंगी, घोकंपट्टीवाला, दुसऱ्याची जमीन खाणारा, अशी सगळी माणसंच गाढवाचं कातडं पांघरून उभी होती. पंचतंत्राच्या उलट.

एकच अपवाद सापडला, तो पैठणच्या एकनाथांचा. गोष्ट तुम्हा सर्वांना माहीत आहे. काशीची गंगा कावडीत भरून रामेश्वराला न्यायची, महिनोन्महिने चालायचं, कावड जमिनीला टेकू द्यायची नाही. वाटेत तापलेल्या वाळूत एक गाढव तहानेने तडफडत पडलेलं. नाथांनी कावड उतरवली आणि ती गंगा त्याच्या तोंडात ओतली. बरोबरचे लोक हळहळले. नाथ म्हणाले, माझा रामेश्वर इथेच भेटला. लहानपणी कीर्तनात ही गोष्ट ऐकली की बुवा इथे थांबत, बुक्का लावत आणि आरतीचं ताट फिरे. आम्हीही इथेच थांबत असू. या खेपेला पुढचा विचार मनात आला. या गोष्टीतलं गाढव कोणाचाही दृष्टांत नाही. ते मूर्ख नाही, शहाणं नाही, शापित गंधर्व नाही. त्याला तहान लागली आहे, बस. घोडं गंगेत न्हालं ही म्हण आपण रोज वापरतो. गाढव गंगा प्यायलं हे मात्र म्हणीत आलं नाही.

शापित गंधर्वावरून 'गाढवाचं लग्न' आठवलंच पाहिजे. हरिभाऊ वडगावकरांचं हे वगनाट्य दादू इंदुरीकरांनी सावळ्या कुंभार होऊन महाराष्ट्रभर गाजवलं. पुढे २००७ साली मकरंद अनासपुरे यांचा चित्रपट आला. इंद्राच्या शापाने गंधर्व गाढव होऊन कुंभाराच्या दारी येतो आणि राजकन्येशी लग्न लावा म्हणतो. विक्रमादित्याचा बाप गंधर्वसेन याची जी जुनी दंतकथा आहे, तिचाच हा तमाशातला अवतार. आमच्या मंडळाने १९८८ च्या गणेशोत्सवात यातला एक प्रवेश बसवला होता. गाढवाच्या मागच्या पायांचं काम आमच्याकडे होतं. पुढचे पाय त्या वर्षीच्या खजिनदारांकडे. दिग्दर्शक "गाढव डावीकडे" म्हणाले की खजिनदार त्यांच्या डावीकडे वळत, आणि आम्हाला आत काही दिसत नसल्याने आम्ही आमच्या. टाळ्या भरपूर पडल्या. मंडळाच्या कारभाराचं इतकं वास्तव दर्शन पुन्हा रंगमंचावर झालं नाही.

हसत-खेळत इथवर आलो आणि मग हिंदीने गाठलं. प्रेमचंदांची 'दो बैलों की कथा' १९३१ ची. नाव बैलांचं, पण सुरुवात गाढवापासून. ते म्हणतात, एखाद्याला पहिल्या नंबरचा मूर्ख ठरवायचं असलं की आपण त्याला गाढव म्हणतो. ते खरंच मूर्ख आहे की त्याच्या गरीब स्वभावाने आणि सोसण्याने त्याला ही पदवी मिळवून दिली, हे सांगता येत नाही. ऋषिमुनींचे सगळे गुण त्याच्या ठायी परमावधीला पोचलेले, तरी माणूस त्याला बेवकूफच म्हणतो.

आणि मग लेखणी एकदम वळते ती आपल्यावर. होय, आपल्यावर, परदेशात राहणाऱ्या हिंदुस्थानी माणसांवर. प्रेमचंद विचारतात, आफ्रिकेत भारतीयांची दुर्दशा का आहे? अमेरिकेत त्यांना पाऊल का ठेवू देत नाहीत? बिचारे दारू पीत नाहीत, अडीअडचणीसाठी चार पैसे बाजूला टाकतात, जीव तोडून काम करतात, कोणाशी भांडत नाहीत, चार शब्द ऐकून घेतात. तरी बदनाम. विटेला दगडाने उत्तर द्यायला शिकले असते तर कदाचित सभ्य म्हणवले गेले असते.

ज्या वर्षी हे छापलं गेलं त्या वर्षी या देशाचे दरवाजे आपल्याला खरोखर बंद होते. १९१७ च्या कायद्याने हिंदुस्थानातून येणारी मजुरांची वाट बंद केली होती, १९२३ साली भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने भारतीयांना नागरिकत्व नाकारलं होतं, १९२४ च्या कायद्याने उरलीसुरली फट बुजवली होती. १९६५ चा कायदा झाला नसता तर हा अंक निघाला नसता आणि आम्ही पुण्यातच कुठेतरी पेन्शनीत असतो.

दार उघडलं आणि आम्ही आत आलो. गुण तेच घेऊन आलो. चाणक्याचे तीन लक्षात आहेत ना? दमलो तरी ओझं वाहिलं. बर्फ बघितला नाही, ऊन बघितलं नाही. आणि संतुष्ट राहिलो. एकाच कंपनीत अठ्ठावीस वर्षं काढली. आम्ही शिकवलेली तीन माणसं आमची साहेब झाली. निवृत्तीच्या जेवणाला त्यांतल्याच एकाने भाषण केलं, "या माणसाने इतक्या वर्षांत एकदाही तक्रार केली नाही." टाळ्या झाल्या. आम्हीही वाजवल्या. घरी येताना गाडीत सौ. म्हणाली, "तुम्ही कशाला टाळ्या वाजवल्या?" आम्ही म्हटलं, सगळे वाजवत होते. प्रेमचंद तेव्हा वाचले असते तर हात खाली राहिले असते की नाही, सांगता येत नाही. सवय वाईट.

यावर 'उपरा'चा उतारा आवश्यक आहे, नाहीतर आपण स्वतःची कीव करीत बसू. लक्ष्मण माने यांचं हे आत्मकथन १९८० साली आलं, त्याला १९८१ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कैकाडी समाजाचं जिणं. टोपल्या, कणग्या विणायच्या, गाव संपलं की बिऱ्हाड गाढवाच्या पाठीवर टाकून पुढच्या गावाला. इथे गाढव म्हणजे शिवी नाही, उपमा नाही, विनोद नाही. ते घर आहे. ते मेलं तर घर रस्त्यावर पडतं. म्हणी रचणारे आम्ही, गाढवावर कधी न बसलेले. गाढवाबरोबर जगलेला माणूस लिहू लागला तेव्हा मराठी साहित्यात खरं गाढव आलं. एकनाथांनंतर जवळजवळ चारशे वर्षांनी. आमच्या वाचन-मंडळात या पुस्तकावर चर्चा झाली तेव्हा एक सद्गृहस्थ गहिवरून म्हणाले, "आपण सगळे इथे उपरेच." कोणी काही बोललं नाही. आम्हीही नाही. तेव्हाच म्हणायला हवं होतं, की साहेब, आपण व्हिसा आणि डिगरी घेऊन आलो. आपलं बिऱ्हाड एअर इंडियाने आणलं.

ज्यांच्या नशिबी व्हिसा नाही त्यांच्या वाटेला पंजाबात 'डंकी' म्हणतात. देशामागून देश, जंगलं, नद्या, दलालांना घरची जमीन विकून दिलेले पैसे. शाहरुख खानचा याच नावाचा चित्रपट २०२३ साली आला. फेब्रुवारी २०२५ मध्ये १०४ भारतीयांना घेऊन अमेरिकी लष्कराचं विमान अमृतसरला उतरलं, तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांनी हीच वाट तुडवलेली होती. हा शब्द कोशात कसा लिहायचा ते भाषापंडित ठरवतील. आम्हाला तो ऐकला की प्रेमचंद आठवतात.

खरी गाढवं मात्र संपत चालली. जेजुरीला पौष पौर्णिमेला आणि मढीला कानिफनाथांच्या यात्रेत गाढवांचा बाजार भरत आला आहे. दात बघून किंमत ठरते. पण २०१२ च्या पशुगणनेत देशभरात सव्वातीन लाखांच्या आसपास असलेली गाढवं २०१९ च्या गणनेत सव्वा लाखाच्या आत आली. वीटभट्ट्यांवर ट्रॅक्टर आले, घाटावर पोती वाहायला टेम्पो आले. आणखी काही वर्षांनी भारतातल्या नातवंडांनाही हा शब्द समजावून सांगावा लागेल.

आता मूळ मुद्दा. आमचे वडील, अण्णा, सांगलीला शाळामास्तर होते. दर पंधरवड्याला त्यांचा निळा एरोग्राम यायचा. सुरुवात ठरलेली, चिरंजीव अमुक यास अनेक आशीर्वाद. शेवट ठरलेला. मध्ये पाऊस, भाव, कोणाचं लग्न, कोणाची मुंज. प्रेमाचा एक शब्द नाही. त्या पिढीला तो लिहिताच येत नसे. १९७४ साली मंदीत आमची नोकरी गेली. घरी कळवायचं धैर्य झालं नाही, खोटं लिहायचंही झालं नाही, म्हणून काहीच लिहिलं नाही. तीन महिने. मग एक एरोग्राम आला. चिरंजीव नाही, आशीर्वाद नाही. पहिलीच ओळ, "गाढवा, पत्र का नाही?" दुसरी, "नोकरी गेली असेल तर गेली. दोन वेळा जेवतोस ना?" खाली सही. बाकी सगळा कागद कोरा. एरोग्रामची एवढी जागा अण्णांनी आयुष्यात कधी वाया घालवली नव्हती.

त्या एका शब्दाच्या पाठीवर किती लादलं होतं ते आम्हाला तेव्हा कळलं होतं. मुलाला म्हणताना तेवढंच लादलेलं पोचतं असं आम्ही धरून चाललो. ते बहुधा पोचत नव्हतं. सांगलीत शब्द ऐकणाऱ्याला त्याच्या मागचं घर दिसत होतं. इथे मुलगा शाळेतून यायचा, दिवसभर बाहेरची नावं ऐकून, आणि घरात बापाचं ऐकायचा.

नाताळात तो एरोग्राम घेऊन गेलो. मुलाला अण्णांचं वळणदार अक्षर लागेना, म्हणून आम्ही वाचून दाखवला. तो काही बोलला नाही. फोनवर त्याचा फोटो काढून घेतला. नातू मात्र आमच्या खुर्चीच्या दांडीवर येऊन बसला आणि म्हणाला, "मग तुम्ही लगेच लिहिलं का त्यांना?"

"लिहिलं," आम्ही म्हणालो. "पण नोकरी लागल्यावर. सात आठवड्यांनी."

"सात आठवडे?" तो म्हणाला. आणि आमच्याकडे अशा नजरेने बघितलं की तो शब्द त्याच्या ओठावर आला होता, याबद्दल आमच्या मनात शंका नाही.

शेवटी एक विनंती. पुढच्या महिन्यात रविवारच्या शाळेत गोष्ट सांगायची पाळी आमची आहे. नाथांची गोष्ट सांगणार आहोत, पण तिच्याआधी लहान मुलांना म्हणायला एखादं गाणं हवं. काऊ-चिऊ, मनीमाऊ, चांदोबा, सगळ्यांची गाणी आमच्याकडे आहेत. गाढवावरचं, त्याला न हसणारं, एकही सापडत नाही. कोणाच्या आजीकडून ऐकलेलं एखादं असेल तर कृपया संपादकांच्या पत्त्यावर पाठवावे. दोन कडवी पुरेत.